दिवेलागणीच्या शिकारीसाठी क्रॉसबोचा स्कोप

पेनसिल्व्हेनिया असो की ओहायो, हरणाच्या शिकारीची कायदेशीर वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधी सुरू होते आणि सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने संपते. व्हाइटटेल, म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण, सर्वांत जास्त हिंडतं तेही याच दोन टोकांना. सगळा दिवस मचाणावर काढला तरी क्रॉसबोचा, म्हणजे घोडा दाबून सोडायच्या आडव्या धनुष्याचा, बोल्ट (आखूड बाण) सोडायची वेळ येते ती बहुधा झुंजुमुंजू असताना, नाहीतर दिवेलागणीला. स्कोप, म्हणजे नेम धरायची दुर्बीण, मात्र आपण दुकानाच्या लख्ख दिव्यांखाली डोळ्याला लावतो आणि समोरच्या भिंतीवरची पाटी स्पष्ट वाचता आली की पैसे मोजतो. भर उजेडात स्वस्तातला स्कोपही चांगलाच दिसतो. खरा फरक पडतो तो संध्याकाळच्या शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत, आणि स्कोप निवडायचा तो त्या मिनिटांसाठी.

भारतातल्या वाचकांना आधीच सांगतो: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने भारतात शिकारीला बंदी आहे. पुढचं सगळं अमेरिकेत परवाना काढून, हंगामात, ठरलेल्या वेळेत शिकार करणाऱ्या आपल्या मंडळींसाठी आहे. राज्याराज्यांचे नियमही वेगवेगळे आहेत. ओरेगनमध्ये क्रॉसबोने शिकारच करता येत नाही, विस्कॉन्सिनमध्ये २०१४ पासून क्रॉसबोचा स्वतंत्र हंगाम आहे, पेनसिल्व्हेनियात २००९ पासून तिरंदाजीच्या हंगामात तो सर्रास चालतो. आपल्या राज्याची त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका, कारण काही स्कोप सरळ त्या नियमांतच अडकतात. त्याबद्दल पुढे लिहिलंय.

आधी उजेडाचा हिशेब. आकाश निरभ्र असेल तर सूर्य मावळतो तेव्हा उघड्यावर साधारण ४०० लक्स उजेड असतो. सूर्य क्षितिजाखाली ६ अंश गेला की तो ३ ते ४ लक्सवर येतो. पिट्सबर्ग-कोलंबसच्या पट्ट्यात, म्हणजे ४० अंश अक्षांशावर, नोव्हेंबरात याला जवळपास अर्धा तास लागतो. कायद्याने दिलेल्या त्या अर्ध्या तासात उजेड शंभरेक पटीने उतरतो, आणि हा झाला उघड्या माळरानावरचा हिशेब. हेमलॉकच्या दाट सावलीत किंवा ढगाळ संध्याकाळी हीच अवस्था बरीच आधी येते. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आपल्याकडे सूर्य गेला की अंधार चटकन पडतो. इथे तो रेंगाळत येतो. डोळा त्याला सरावत जातो आणि उजेड किती उतरलाय याचा अंदाजच राहत नाही. म्हणून सूर्यास्ताची वेळ घड्याळात बघायची, आकाशात नाही.

आता स्कोपच्या नावातले आकडे. ४x३२ म्हणजे चारपट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ३२ मिलिमीटर व्यासाचं. या व्यासाला मोठेपणाने भागलं की एक्झिट प्युपिल मिळते, म्हणजे डोळ्याकडच्या बाजूने बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या झोताची जाडी. ४x३२ ची ८ मिलिमीटर, ५x३२ ची ६.४, ७x३२ ची साडेचारच्या आसपास. स्कोप हातभर लांब धरून उजेडाकडे केला की मागच्या काचेत पांढरा गोल ठिपका दिसतो, तीच ती. मोठेपणाचं कडं फिरवा, ठिपका लहान-मोठा होताना दिसेल.

हा झोत तुमच्या बुबुळापेक्षा बारीक असेल तर संध्याकाळी चित्र अंधारं दिसणार. अंधारात बुबुळ विशीत ७ मिलिमीटरपर्यंत उघडतं, साठीच्या आसपास ते ५ पर्यंतच जातं. म्हणजे पन्नाशी उलटलेल्या माणसाला ८ मिलिमीटरच्या झोतातला बराच भाग वापरताच येत नाही. त्याला ५ ते ६ मिलिमीटर पुरे, आणि तेवढ्यात थोडा जास्त मोठेपणा मिळाला तर त्याचा फायदाच होतो. कारण मंद उजेडात तपशील दिसण्यासाठी उजेडाइतकाच मोठेपणाही लागतो. मोठेपणा आणि पुढच्या भिंगाचा व्यास यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढलं की ज्याला ट्वायलाइट फॅक्टर म्हणतात तो आकडा येतो: ४x३२ चा ११.३, ५x४० चा १४.१. पण या आकड्यात काचेच्या दर्जाचा काहीच हिशेब नाही, त्यामुळे फक्त त्यावरून दोन कंपन्यांची तुलना करू नये.

क्रॉसबोवर ४ ते ५ पट आणि ३२ ते ४० मिलिमीटर हे माप मला सर्वांत योग्य वाटतं. मचाणावरून मारा होतो तो २० ते ४० यार्डांवर, म्हणजे साधारण १८ ते ३७ मीटरवर. तिथे नऊपट मोठेपणा घेतला की चित्रात हरणाचा नुसता खांदा भरतो, तो कुठल्या हरणाचा तेही कळत नाही, आणि हरीण एक पाऊल पुढे सरकलं की शोधत बसावं लागतं. ५० मिलिमीटरचं भिंग घेतलं तर स्कोप उंच बसवावा लागतो, वजन वाढतं आणि आधीच पुढे जड असलेला क्रॉसबो आणखी पुढे झुकतो. नळी ३० मिलिमीटरची असली की उजेड जास्त येतो असं दुकानात हमखास ऐकायला मिळतं. ते खरं नाही. जाड नळीने आतल्या समायोजनाला जागा जास्त मिळते, एवढंच.

काचेवरच्या लेपाबद्दल थोडक्यात. लेप नसलेली काच प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के उजेड परत फेकते. स्कोपमध्ये असे दहा पृष्ठभाग धरले तर एक तृतीयांश उजेड वाटेतच संपतो. म्हणून खोक्यावर ‘फुली मल्टिकोटेड’ असं हवं. नुसतं ‘कोटेड’ किंवा ‘मल्टिकोटेड’ असेल तर सगळ्या काचांवर लेप असेलच असं नाही. मात्र ९० टक्के उजेड पार होणं आणि ९४ टक्के पार होणं यांतला फरक डोळ्याला जवळपास कळत नाही. कळतो तो धुरकटपणा. पश्चिमेच्या उजळ आकाशाखालच्या काळ्या झुडपावर स्कोप रोखा. हलक्या स्कोपमध्ये सगळं चित्र दुधाळ होतं आणि झुडपातला काळा-तपकिरी भेद पुसला जातो. चांगल्या स्कोपमध्ये झुडूप काळंच राहतं आणि त्यातली तपकिरी पाठ वेगळी उठून दिसते. मी एकच चाचणी करायची म्हटली तर हीच करीन.

आता सर्वांत महत्त्वाचा भाग, ज्याकडे घेताना फारसं कोणी बघत नाही: रेटिकल, म्हणजे नेमाच्या रेघा.

संध्याकाळी बरेचदा हरीण दिसत असतं आणि रेघा दिसेनाशा होतात. नोव्हेंबरातल्या व्हाइटटेलची कातडी करडी-तपकिरी, मागे ओकची वाळलेली पानं, आणि त्यावर केसासारख्या बारीक काळ्या रेघा. सूर्यास्तानंतर दहा-बारा मिनिटांनी त्या त्या पानांत मिसळून जातात. क्रॉसबोच्या स्कोपमध्ये हा त्रास दुप्पट, कारण इथे एकच छेद नसतो. २०, ३०, ४०, ५० यार्डांच्या खुणा एकाखाली एक असतात. वरची खूण दिसली आणि बाकीच्या दिसल्या नाहीत, किंवा दुसरी समजून तिसरीवर नेम धरला, की बोल्ट वीतभर वर-खाली.

म्हणून रेटिकलला दिवा हवाच. पण दिवा आहे एवढ्याने भागत नाही. तो किती मंद होतो हे बघायचं. बऱ्याच स्वस्त स्कोपांत प्रकाशाच्या पाच-सहा पायऱ्या असतात आणि त्यातली पहिली पायरीच दिवेलागणीला डोळ्यावर येते. ठिपका फुगतो, त्याभोवती लाल धुकं पसरतं आणि हरीण त्याच्यामागे झाकलं जातं. बुबुळही आकसतं, ते वेगळंच. योग्य पायरी ती, जिच्यात दिवा लागलाय की नाही अशी क्षणभर शंका यावी आणि खूण मात्र स्पष्ट दिसावी. दुसरी गोष्ट, दिवा कशाला लागतो? काही स्कोपांत सगळ्या रेघा उजळतात आणि नळीच्या आत लाल झाक पसरते. फक्त ठिपके उजळणारा घ्या. तिसरी गोष्ट, रेटिकल काचेवर कोरलेलं असावं, म्हणजे बॅटरी संपली तरी काळ्या खुणा उरतात.

लाल की हिरवा? मंद उजेडात डोळ्याच्या ज्या पेशी काम करतात त्या ५०७ नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे निळ्या-हिरव्या रंगाला सर्वांत जास्त संवेदनशील असतात आणि लाल रंगाला जवळपास दाद देत नाहीत. अंधाराला सरावायला डोळ्याला अर्धा तास लागतो. हिरव्या दिव्याने तो सराव मोडतो, लाल दिव्याने कमी मोडतो. म्हणून संध्याकाळी लाल. हिरवा भर दुपारी गर्द पाल्यात बरा वाटतो. आणि या अर्ध्या तासात मोबाइल खिशातच राहू द्या. एकदा स्क्रीन पाहिली की चांगल्यातल्या चांगल्या काचेचा फायदा काही मिनिटांसाठी गेलाच.

क्रॉसबोच्या बहुतेक चांगल्या स्कोपांवर वेगाचं कडं असतं. हॉकचे १.५-५x३२ चे स्कोप, व्होर्टेक्सचा २-७x३२ चा क्रॉसबो स्कोप, अशी बरीच मॉडेलं या माळेत येतात. कड्यावर मोठेपणाच्या आकड्यांसोबत किंवा त्यांच्याऐवजी सेकंदाला किती फूट हे लिहिलेलं असतं: ३००, ३५०, ४००. आत वेगळं यंत्र काहीच नसतं. तो साधा झूम स्कोपच आहे. रेटिकल मागच्या फोकल प्लेनमध्ये असल्यामुळे मोठेपणा बदलला तरी खुणा डोळ्याला तेवढ्याच दूर दिसतात, पण हरणावर त्यांच्यातलं अंतर बदलतं. मोठेपणा जास्त, तर खुणा लक्ष्यावर जवळजवळ येतात, आणि वेगवान क्रॉसबोला तेच हवं असतं कारण त्याचा बोल्ट कमी उतरतो.

याचा अर्थ नीट लक्षात घ्या. एकदा वेग जुळवला की झूम तुमच्या हातात राहिलेला नाही. अंधार पडू लागला म्हणून चित्र उजळ करायला कडं दोनपटीवर आणलं, तर चित्र उजळेल, पण ४० यार्डांची खूण आता ४० यार्डांची नाही. बोल्ट वरून जाईल. वरची, म्हणजे २० यार्डांची खूण तेवढी बहुधा टिकते. म्हणून वेगवान क्रॉसबोसाठी असा स्कोप घेताना खोक्यावरचा सगळ्यात लहान मोठेपणा बघून हुरळायचं नाही. आपल्या वेगाला कडं कुठे येणार ते बघायचं आणि त्या जागी एक्झिट प्युपिल काढायची. १.५-५x३२ मध्ये कडं ५ वर आलं तरी ६.४ मिलिमीटर मिळतात, काळजी नाही. २-७x३२ मध्ये ते ७ वर आलं तर साडेचारच. तरुण डोळ्याला ते शेवटच्या दहा मिनिटांत कमी पडणार.

खुणांवर इतकं का अडून बसलोय ते आकड्यांतून कळेल. ३०० फूट वेगाचा क्रॉसबो, स्कोप बोल्टच्या वर ७ सेंटीमीटर, २० यार्डांवर नेम जुळवलेला. हवेचा अडथळा सोडून दिला तरी त्याच खुणेवर बोल्ट ३० यार्डांवर सुमारे ११ सेंटीमीटर आणि ४० यार्डांवर ३२ सेंटीमीटर खाली लागतो. ४०० फूट वेगात हेच आकडे ५ आणि १५ सेंटीमीटर. हरणाच्या फुप्फुस-हृदयाचा भाग सुमारे २० सेंटीमीटरचा. म्हणजे संथ क्रॉसबोत ३० ऐवजी ४० यार्ड धरले तर बोल्ट सुमारे १३ सेंटीमीटर वर, आणि उलट केलं तर सुमारे १७ सेंटीमीटर खाली लागतो. जखमी हरीण रात्रभर रानात. त्यात मंद उजेडात अंतराचा अंदाज हमखास चुकतो. मचाणावर बसल्याबरोबर, उजेड असतानाच, चार-पाच झाडांची अंतरं लेझर रेंजफाइंडरने मोजून ठेवा. रेंजफाइंडरचे काळे आकडे संध्याकाळी दिसत नाहीत; लाल आकडे दाखवणारा असेल तर उत्तम.

रेड डॉट, म्हणजे नुसता लाल ठिपका दाखवणारं नेमाचं साधन, याबद्दल बरेच जण विचारतात. मोठेपणा नाही, त्यामुळे उजेडाची अडचण जवळपास नाहीच, आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो. दाट झाडीत २५ यार्डांच्या आत मारा असेल तर मी खुशाल घ्या म्हणेन. ठिपका २ किंवा ३ एमओएचा घ्या (एक एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग). ३ एमओएचा ठिपका ४० यार्डांवर सव्वा इंच झाकतो. पण त्यात तपशील दिसत नाही, एकच खूण असते, आणि लाल रंग परतवणाऱ्या लेपामुळे चित्राला किंचित निळसर झाक येते. डोळ्याला अ‍ॅस्टिग्मॅटिझम असेल तर ठिपका चांदणीसारखा फुटतो, स्कोपच्या कोरलेल्या रेटिकलमध्ये तो त्रास होत नाही. फायबर ऑप्टिकच्या साध्या साइट या वेळेसाठी नकोतच. त्या आजूबाजूचा उजेड गोळा करून चमकतात. उजेडच नसेल तर चमकणार कशाने?

गार्मिनच्या झीरो एक्स१आयसारखे स्कोप अंतर स्वतः मोजून उजळ खूण दाखवतात. अंधारात त्यांची मदत मोठी आहे, पण धनुष्यावर बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक साधनांना काही राज्यांत मनाई आहे. नुसती उजळणारी खूण बहुतेक ठिकाणी चालते. हरणावर प्रकाश किंवा लेझर टाकणारं साधन बहुतेक ठिकाणी चालत नाही. नाइट व्हिजन आणि थर्मल (उष्णतेवरून अंधारात दाखवणारे) स्कोप हा टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर रात्री रानडुकरं मारणाऱ्यांचा विषय. हरणाच्या शिकारीत त्याचा विचारही करू नका.

घेतला स्कोप, आता बसवणं. इथे अर्धवट काम झालं तर पुढचं सगळं वाया जातं. क्रॉसबोचा धक्का बंदुकीसारखा एका दिशेचा नसतो. दोरी सुटून पाती, म्हणजे धनुष्याचे दोन हात, थांबतात तेव्हा उलट, पुढच्या बाजूला झटका बसतो आणि पाठोपाठ सगळ्या सांगाड्यात कंप येतो. साध्या बंदुकीसाठी बनवलेल्या हलक्या स्कोपमधली भिंगं यात सैल होतात. क्रॉसबोसाठी किंवा स्प्रिंगच्या एअरगनसाठी चालतो असं निर्मात्याने लिहिलेलाच घ्या. बंदुकीच्या स्कोपचा पॅरॅलॅक्स, म्हणजे डोळा हलला तरी खूण जिथे सरकत नाही ते अंतर, बहुधा १०० यार्डांवर बसवलेला असतो, क्रॉसबोच्या स्कोपचा त्याहून बराच जवळ. ३० यार्डांवर डोळा किंचित सरकला तर बंदुकीच्या स्कोपमध्ये खूण हरणावर सरकताना दिसते, आणि अंधारात डोळा नेमका मध्यावर बसत नाहीच.

स्कोप धरणाऱ्या रिंगांचे स्क्रू साधारण १५ ते १८ इंच-पौंडांवर, एकदम एक नाही तर आलटून पालटून थोडे थोडे आवळा. निर्मात्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. निळं लॉकटाइट, म्हणजे स्क्रू सैल होऊ न देणारा गोंद, रिंगा ज्यावर बसतात त्या पट्टीच्या स्क्रूंना लावा, रिंगांच्या वरच्या स्क्रूंना नको, कारण त्याने घर्षण बदलून टॉर्कचा हिशेब चुकतो आणि नळी चेपते. रेटिकलची उभी रेघ खरंच उभी आहे ना, हे वीस यार्डांवर ओळंबा टांगून पाहा. आणि स्कोपवर पाणसळीची छोटी नळी लावाच. अंधारात क्षितिज दिसत नाही, मचाणावर अंग तिरकं असतं, आणि क्रॉसबो नकळत कलतो. ५ अंश कलला तर ४० यार्डांवर बोल्ट ४०० फूट वेगात ४ सेंटीमीटर, ३०० फूट वेगात ७ सेंटीमीटर बाजूला जातो.

नेम जुळवताना पहिला बोल्ट १० यार्डांवरून, वाळूच्या पिशवीवर टेकवून. कागदावर आला की २० यार्डांवर जा. बहुतेक स्कोपांत एक टिचकी म्हणजे १०० यार्डांवर पाव इंच. २० यार्डांवर एक इंच हलायला २० टिचक्या लागतात. चार टिचक्या देऊन काहीच हललं नाही म्हणून स्कोप बिघडला असं समजणारे बरेच असतात. तीन बोल्ट तीन वेगळ्या ठिपक्यांवर सोडा. एकाच ठिपक्यावर सोडले तर बोल्टावर बोल्ट आदळून फुटतो. वरची खूण २० वर बसली की ४० यार्डांवर जाऊन ४० ची खूण वापरा. बोल्ट खाली लागला तर तुमचा क्रॉसबो कड्यावरच्या आकड्यापेक्षा संथ आहे. कडं कमी वेगाकडे फिरवा. वर लागला तर उलट. मग पुन्हा २० वर येऊन तपासा. कंपनीने छापलेला वेग हलक्या बोल्टवर मोजलेला असतो, तुमचा ४२५ किंवा ४५० ग्रेन (बाणाच्या वजनाचं माप) वजनाचा बोल्ट त्याहून संथच जाणार. कडं जागेवर बसलं की त्यावर आणि नळीवर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवा, थंडीत हातमोज्याने ते सरकलं तर लगेच कळेल. शेवटी हे सगळं शिकारीच्या ब्रॉडहेडने, म्हणजे बोल्टाच्या रुंद धारदार टोकाने, पुन्हा करून पाहा.

मागच्या काचेचा फोकस दुपारी लावून भागत नाही. मंद उजेडात डोळा थोडा जवळचा पाहणारा होतो, दुपारी धारदार दिसलेल्या खुणा संध्याकाळी किंचित पुसट वाटतात. सूर्यास्तानंतर दहा मिनिटांनी मोकळ्या आकाशाकडे स्कोप रोखा, क्षणभर बघा, नजर काढा, फिरवा, पुन्हा बघा. टक लावून बघत फिरवलं तर डोळाच जुळवून घेतो आणि फोकस चुकीच्या जागी राहतो. चष्मा लावत असाल तर तो लावूनच करा, आणि डोळ्यापासून साडेतीन-चार इंचांवर पूर्ण चित्र मिळतं का तेही तेव्हाच पाहा.

मग संध्याकाळची चाचणी, जी स्कोप परत करायची मुदत संपण्याआधी व्हायलाच हवी. बोल्ट सोडायची गरज नाही, क्रॉसबो ताणायचीही नाही. पांढरा कागद नको, त्यावर काहीही दिसतं. खोक्याचा तपकिरी पुठ्ठा हरणाच्या धडाएवढा कापा, त्यावर काही काढू नका, आणि झुडपांना लागून २०, ३० आणि ४० यार्डांवर उभे करा. सूर्यास्ताच्या दहा मिनिटं आधीपासून दर पाच मिनिटांनी बघा. या तीन घटनांची वेळ लिहून ठेवा: दिव्याशिवाय खालच्या खुणा केव्हा दिसेनाशा झाल्या, सर्वांत मंद दिव्यावर त्या पुन्हा केव्हापर्यंत दिसल्या, आणि पुठ्ठ्याची कड झुडपापासून वेगळी दिसणं केव्हा थांबलं. एकदा पूर्वेकडे तोंड करून आणि एकदा पश्चिमेकडे. दोन स्कोपांमध्ये निवड करायची असेल तर दोन्ही एकाच संध्याकाळी, शेजारी शेजारी. वेगवेगळ्या दिवसांचा उजेड वेगळा असतो. तिसरी वेळ तुमची मर्यादा. ती कायद्याच्या वेळेआधी आली तर तुमची शिकार तेव्हाच संपली, घड्याळ काहीही म्हणो.

हरीण शोधायला किंवा शिंगं मोजायला स्कोप वापरायचा नाही. पेनसिल्व्हेनियात शिंगांना विभागानुसार किती टोकं हवीत याचा नियम आहे, आणि संधिप्रकाशात ती मोजायला दुर्बीण लागते. ८x४२ च्या दुर्बिणीची एक्झिट प्युपिल ५.२५ मिलिमीटर, किमतीच्या मानाने ही दुर्बीण सर्वांत चांगली पडते. ताणलेला क्रॉसबो खात्री नसलेल्या हालचालीवर रोखणं म्हणजे कदाचित माणसावर रोखणं.

पैशांची वाटणी करायची झाली तर मोठ्या झूमवर खर्च करू नका. काच आणि मंद होणारा दिवा यांवर करा. १५० ते ३०० डॉलरमध्ये कामाचा स्कोप मिळतो.

थंडीची काळजी वेगळी. आतली हवा काढून नायट्रोजन किंवा आरगॉन भरलेला स्कोप आतून धुकटत नाही; बाहेरून मात्र सगळेच धुकटतात. गरम गाडीतून थेट थंड हवेत काढू नका, क्रॉसबो केसमध्ये घालून गाडीच्या थंड भागात ठेवा. उलट, थंडीतून गरम घरात आणला की काचेवर दव जमतं. झाकणं लावूनच आत आणा. नेम धरताना श्वास मागच्या काचेवर जाणार नाही असा बाजूला सोडा. बहुतेक दिव्यांना सीआर२०३२ सेल लागतो आणि कडाक्याच्या थंडीत तो मान टाकतो. हंगामाच्या सुरुवातीला नवा घाला, एक आतल्या खिशात अंगाच्या उबेत ठेवा, आणि दिवा बंद करायची आठवण म्हणून पुढचं झाकण लावण्याआधी कायम मागून एकदा बघा.

वेळ संपली की मचाणावरूनच बोल्ट काढून घ्या. ताणलेला क्रॉसबो दोरीने खाली सोडू नका आणि पाठीवर घेऊन उतरू नका. तुमच्या मॉडेलमध्ये चरखी उलटी फिरवून दोरी उतरवता येत असेल तर तशी उतरवा. येत नसेल तर त्यासाठीचा जुना बोल्ट घेऊन मऊ मातीत किंवा पिशवीच्या लक्ष्यात सोडा, पण रिकामी दोरी कधीही सोडू नका, पाती फुटतात. हे सगळं अंधारात चाचपडत करावं लागू नये म्हणून डोक्यावरचा दिवा लाल प्रकाशाचा ठेवा. आणि शेवटच्या मिनिटाला मारा केला असेल तर दिवा लावण्याआधी, दिसतंय तोवर, हरीण कुठे उभं होतं आणि कुठल्या झाडामागे दिसेनासं झालं ते मचाणावरूनच नीट पाहून ठेवा.